ठंडा बाबूंची गाडी

खोली दाखवण्याआधी त्यांनी मला विचारलं होतं, "तुम्हाले घाम येते का?"

मी नुकतीच मुलताईहून पांढुर्ण्याच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये बदलून आले होते. काखेत वळकटी, हातात पेटी, आणि पुढ्यात लोकरीचा पूर्ण बाह्यांचा स्वेटर घातलेला एक म्हातारा. महिना चैत्राचा. एकट्या बाईला कोणी विचारावं असा हा प्रश्न नव्हता. मी जरा तिरसटपणानेच म्हटलं, "येते की. कोनाले नाही येत?"

"असतेत एखादे," ते म्हणाले आणि कुलूप काढलं.

प्रश्नाचा अर्थ कळायला मला आठवडा लागला. स्वेटरचा अर्थ त्याच दिवशी कळला. अंगणात कडुनिंबाखाली पिस्त्याच्या रंगाची एक लांबलचक विलायती गाडी उभी होती, आणि हे घरमालक काका तिच्यात बसून थंडी तपासत. थंडी पडलीच तर आपल्याला बाधू नये म्हणून स्वेटर. बहुतेक दिवशी ती पडत नसे, आणि ते घामाने निथळत बाहेर येत. तरी दुसऱ्या दिवशी स्वेटर अंगात असेच.

गावात त्यांना ठंडा बाबू म्हणत. नोकरीभर नागपूरला रेल्वेच्या एसी डब्यांची दुरुस्ती केली होती आणि निवृत्त झाल्यावर ते आपल्या गावी परतले होते. गाडी कापसाच्या जिनिंगच्या शेठची. शेठ गेल्यावर पोरांनी ती भंगारात काढली, तेव्हा काकांनी ती दोन बैलजोड्या लावून घरी ओढून आणली. गाडीला मुळातच एसी होता. त्या काळी आमच्याकडे खसाच्या, म्हणजे वाळ्याच्या, ताट्या आणि पाण्याचे कूलर होते, तेही सधन घरी. एसीची गाडी म्हणजे ऐकीव गोष्ट. ती आमच्या अंगणात उभी होती, इतकंच की थंड होत नव्हती.

बर्फाचा त्यांना राग होता. गोळेवाला दारावरून गेला की ते तोंड फिरवत. बर्फ म्हणजे चोरीचा माल, त्यांच्या मते. दुसरीकडची थंडी उचलून आणलेली. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं आणि ते कुणालाही, कशावरही ऐकवत. "थंडी कोनी बनवत नाही, बाई. गर्मी उचलून बाहेर नेऊन टाका लागते. थंडी त इथंच असते." शेजारच्या दोन जावा भांडायला लागल्या तरी ते भिंतीपलीकडून हेच म्हणत. जावांना काय कळायचं कोण जाणे, पण त्या गप्प बसत, बहुधा वैतागून.

थर्मामीटरवर त्यांचा विश्वास नव्हता. "थो हवेची गर्मी सांगते. मानसाची कोन सांगन?" म्हणून ते माणसं बसवत. दुपारी रस्त्याने जो जाईल त्याला हाक मारून गाडीत बसवायचं, काचा लावायच्या, इंजिन सुरू करायचं, आणि थोड्या वेळाने विचारायचं, कसं वाटून राहिलं? पोस्टमन बसला, भाजीवाली टोपलीसकट बसली, एक्सचेंजचे आमचे साहेबही एकदा बसले. गाडीची गादी मऊ होती, काचांना हिरवट झाक होती, पंख्याची एकसुरी घरघर चाले, आणि कडुनिंबाची सावली काचेवर हलत राही. पाण्याच्या तळाशी बसल्यासारखं वाटे. मी बसले की मला मुलताईचं घर दिसायचं, आई दिसायची, कधी न पाहिलेली गावंही दिसायची. थोडक्यात, बसलेला प्रत्येक माणूस झोपून जाई. काका चिडत, कारण झोपलेला माणूस काही सांगू शकत नाही. पण उठवत मात्र कुणालाच नसत. काचेबाहेर उकिडवे बसून तो आपोआप जागा होण्याची वाट पाहत.

भाजीवालीने एकदा डोळे चोळत सांगितलं, "थंड त नाही वाटलं जी, पन बरं वाटलं." काकांनी मान हलवली आणि पुन्हा बॉनेट उघडलं. बरं वाटणं त्यांच्या कामाचं नव्हतं.

हे सगळं करुणासाठी होतं. करुणा त्यांची एकुलती एक मुलगी, माझ्याहून थोडी लहान. तिला घाम येत नसे. जन्मापासूनच. घामाच्या ग्रंथीच तिच्या कातडीत नाहीत, असं नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. आपल्याला उन्हात चालताना घाम येतो, आपण पदराने पुसतो आणि कटकट करतो. तिचं अंग नुसतं तापत जाई, चुलीवरच्या तव्यासारखं, आणि मग ती भोवळ येऊन पडे. थंडी-पावसाळ्यात ती चारचौघींसारखी होती. बालवाडीत शिकवायची, सायकल चालवायची, मोठ्याने हसायची. होळी झाली की मात्र ती मागच्या खोलीत जाई. ओल्या चादरी, खसाचा पडदा, पाण्याचं घंगाळ, आणि मृग लागेपर्यंत तेच जग.

आणि आमच्याकडे लग्नं उन्हाळ्यात होतात. कापूस विकलेला असतो, शाळांना सुट्या असतात, शेतं रिकामी असतात. साऱ्या लग्नांची वैशाखात गर्दी. त्यामुळे करुणाने जन्मात लग्न पाहिलं नव्हतं. एकही नाही. मैत्रिणींची झाली, मामेबहिणींची झाली. लग्नाहून आलेल्या प्रत्येकीला ती समोर बसवून विचारी. नवरी कोणत्या बाजूने आली, कोण रडलं, भाजीत मीठ होतं का, नवरदेव हसला की नाही. मी एकदा मोहगावच्या लग्नाला जाऊन आले तर तिने माझा जीव नकोसा केला. मी कंटाळून काहीबाही सांगितलं, आणि तिने ते इतकं मन लावून ऐकलं की मला पुढे नीटच सांगावं लागलं.

तिच्या सौंसरच्या मामाची रत्नमाला तिची सगळ्यांत लाडकी. दोघी लहानपणापासून एकमेकींच्या वेण्या घालत आलेल्या. रत्नमालाचं लग्न ठरेल तेव्हा मी जाणारच, असं करुणा म्हणायची. काका ऐकायचे आणि गाडीखाली जायचे.

पहिल्या उन्हाळ्यात त्यांनी गाडीचा जुनाच गॅस भरला होता. घरच्या फ्रीजमध्ये असतो तोच. सकाळी गाडी थंड व्हायची. डोक्यावर ऊन आलं की हार मानायची, कारण एवढी मोठी गाडी, चारी बाजूंनी काच, आणि आमचं ऊन. मग त्यांच्या डोक्यात नवा गॅस आला. नागपूरला मोठ्या दुकानांच्या एसीत तो असे. त्याच्यात जोर जास्त, तो गर्मी भराभर उचलतो. पण त्याचा दाबही जास्त. जुन्या गाडीच्या रबरी नळ्यांना तो सोसत नाही. म्हणजे गॅस बदलायचा तर आतडीच बदलायची.

त्यांनी ती बदलली. त्यात वर्ष गेलं. रबरी नळ्या काढून तांब्याच्या घातल्या. इंजिनाच्या हादऱ्याने तांबं तडकू नये म्हणून प्रत्येक नळीला जिलबीसारखे वळसे दिले. जुनं तेल काढून नवं भरलं. यंत्र हळू फिरावं म्हणून त्याचं चाक मोठं बसवलं. नळी गळते का ते पाहायला रिठ्याचा फेस लावत आणि फुग्यांकडे पाहत बसत, तासन्‌तास, ओठ पुढे काढून. काकू स्वयंपाकघरातून म्हणायच्या, "माह्या डोक्याले रिठा उरू देत नाहीत. हिचंच न्हानं चालून राहिलं रोज." इंजिनाला लागून वीतभर नळी मात्र रबरीच ठेवावी लागली, कारण तिथे हादरे फार. त्या तुकड्यावर काका दुहेरी कापड गुंडाळत आणि त्याच्याकडे अशा नजरेने बघत जसं आपण घरातल्या वाह्यात माणसाकडे बघतो.

नवा गॅस भरल्यावर आम्ही तिगावपर्यंत गेलो, भर दुपारी. काका, करुणा, मी, आणि समोर ठेवलेलं एक संत्रं. तिगावच्या फाटकाशी मालगाडीसाठी थांबलो तेव्हा काकांनी संत्रं मागे दिलं. करुणाने ते गालाला लावलं आणि बराच वेळ तसंच धरून ठेवलं. बाहेर रूळ उन्हात थरथरत होते. फाटकवाला छत्री घेऊन उभा होता. आत मला शाल हवीशी वाटत होती. वैशाखातली दुपार पहिल्यांदाच बाहेर बसून पाहणारी ती मुलगी काचेवर बोटाने रूळ गिरवत होती. मालगाडी संपूच नये असं मला वाटलं.

संपली मात्र. आणि फाटक उघडेपर्यंत काकांचा चेहरा उतरला होता. गाडी उभी राहिली की वारा लागत नाही, गॅसचा दाब चढत जातो. त्यांनी बॉनेटवर हात ठेवून सांगितलं, "चालती राह्यली पाहिजे. उभी राह्यली का संपलं."

रत्नमालाचं लग्न वैशाखातच निघालं. सौंसरच्या विहाराच्या आवारात मांडव, वेळ सकाळची. आमच्याकडे सकाळची वेळ म्हणजे बारा वाजणार हे कुणालाही सांगावं लागत नाही. काकू आदल्या दिवशी पुढे गेल्या. काकांनी बेत असा केला की गाडी मांडवासमोर उभी करायचीच नाही. मांडवावरून हळू जायचं, मोहगावच्या रस्त्याने बोरीच्या झाडापर्यंत जाऊन वळायचं, पुन्हा मांडवावरून यायचं. लग्न लागेपर्यंत असंच फिरत राहायचं.

मी म्हटलं, "काका, लग्नाले प्रदक्षिणा घालता का काय?"

"तिले पाह्याचं आहे ना," ते म्हणाले. "पाहून होते."

तर असं ते लग्न करुणाने पाहायला सुरुवात केली. पांढरी साडी, केसांत मोगरा, काचेला नाक. पहिल्या फेरीत पोरं सतरंज्या उलगडत होती आणि पाण्याच्या पिंपांवर ओलं गोणपाट टाकलं जात होतं. मग संत्र्याचे बगीचे, बोरीचं झाड, वळण. दुसऱ्या फेरीत नवरदेव जीपमधून उतरत होता. बँडवाल्यांचे गाल फुगलेले दिसत होते, आवाज मात्र नव्हता. आत फक्त पंख्याची घरघर. पुन्हा बगीचे. तिसऱ्या फेरीत रत्नमाला पांढऱ्या साडीत मांडवाकडे चालली होती. तिने मान वळवून गाडीकडे पाहिलं, हात केला, ओठ हलले. करुणानेही हात केला.

"काय म्हनाली व्हय थे?" तिने मला विचारलं.

मला कुठे ऐकू आलं होतं? मी म्हटलं, "ये म्हनाली असंन."

बगीचे पुन्हा आले. एकाच स्वप्नात पुन्हापुन्हा शिरावं तसं झालं होतं. करुणा पुटपुटत होती, आता काय होऊन राहिलं असंन, आता काय होऊन राहिलं असंन. मी डोळे मिटून अंदाजाने सांगत होते. काका आरशात तिच्याकडे बघत होते, आणि इतकं समाधान मी त्यांच्या तोंडावर कधी पाहिलं नव्हतं.

चौथ्या फेरीत वऱ्हाडाचा ट्रक रस्त्यात आडवा झाला. नेमका मांडवासमोर. पुढे जाता येईना, मागे बैलगाड्या येऊन थांबल्या. काकांनी हॉर्न दाबला, उतरले, ट्रकवाल्याला हात जोडले. ट्रकवाला वळवत होता बिचारा, पण त्यालाही जागा नव्हती. काका ओरडले, "पानी आना, पानी." चार माणसं बादल्या घेऊन धावली आणि गाडीच्या तोंडावर पाणी मारू लागली. लग्नाचं पाणी गाडीला. तेवढ्यात फट्ट असा आवाज झाला आणि बॉनेटच्या फटीतून पांढरा ढग बाहेर आला. आग लागली म्हणून लोक पळाले. काका पळाले नाहीत. ते तसेच उभे राहिले, ढग विरेपर्यंत. मग स्वेटरच्या बाहीने त्यांनी तोंड पुसलं.

मला आता धावपळच आठवते. आतली हवा बघता बघता तापली. मी काच खाली केली. काकू मांडवातून धावत आल्या, पिंपांवरचं ओलं गोणपाट ओढून त्यांनी करुणाला गुंडाळलं, आणि आम्ही दोघींनी तिला मांडवाच्या सावलीत पिंपांपाशी नेऊन बसवलं. बायकांनी जागा केली. कोणी पदर भिजवून तिच्या डोक्यावर ठेवला, कोणी पायांवर पाणी सोडत राहिली. मी तिच्या कपाळावर हात ठेवून होते. तापलं होतं, पण चढत नव्हतं. मी म्हटलं, करुणा, जायचं का, विहारात नेऊन निजवू?

ती म्हणाली, "थांब. आयकू दे."

त्रिशरण सुरू झालं होतं. सगळा मांडव एका सुरात म्हणत होता, म्हाताऱ्या बायका अर्धा शब्द मागे, लेकरं अर्धा शब्द पुढे. मध्येच कोणाचं मूल रडलं, स्वयंपाकाकडे परात पडली, कोणीतरी कोणाला "सरक नं" म्हटलं. करुणा गोणपाटात बसून ऐकत होती. डोळे लाल झाले होते आणि ती हसत होती. गाडीच्या आत इतका वेळ जे बघत होतो त्याला आवाजच नव्हता, हे मला तेव्हा ध्यानात आलं.

लग्न लागल्यावर रत्नमाला हारासकट तिच्यापाशी येऊन बसली. दोघी एकमेकींना धरून ओल्या झाल्या. रत्नमालाने डोळे पुसले आणि आपल्या बापाकडे वळून अगदी साधेपणाने म्हटलं, "बाबा, आपन मुहूर्त त पाहत नाही. मंग माहं लग्न हिवाळ्यात कावून नाही केलं?"

मामा गोंधळले. खरंच होतं. त्या घराने धम्मदीक्षा घेऊन पंचांग बाजूला ठेवल्याला वर्षं लोटली होती. माघात करा, मार्गशीर्षात करा, अडवणारं कोणीच नव्हतं. मामा म्हणाले, "उन्हाळ्यात होतेत म्हनून केलं, बेटा. सारेच करतेत."

काका पाना हातात घेऊन मागे उभे होते. त्यांनी विचारलं, "मले कोनी बोललं कावून नाही हे?"

"तुम्ही गाडीखाली होते जी," मामा म्हणाले.

काका खाली बसले, पाना मांडीवर ठेवून, आणि करुणाच्या पायांवर ओंजळीने पाणी घालू लागले. मला त्यांचा भारी राग आला होता, आणि त्याहून भारी माया.

त्यानंतर दोन दिवस करुणाला ताप होता. उतरला. काका मात्र पावसाळाभर गाडीकडे गेले नाहीत, स्वेटर खुंटीला राहिला. दसऱ्याला त्यांनी एसीचं सगळं यंत्र काढलं, जिलबीच्या नळ्यांसकट, आणि माळ्यावर ठेवून दिलं. काकू घाबरल्या, हे आता काय करणार म्हणून. काकांनी सायकल काढली. पांढुर्ण्यापासून सौंसरपर्यंत ज्या ज्या ओळखीच्या घरी लग्नाचं पोरगं किंवा पोरगी होती, तिथे ते जाऊन बसू लागले. चहा घेत आणि विचारत, "तुम्ही मुहूर्त पाह्यता का? नाही ना? मंग गर्मीत कावून?" लोक चहाचा दुसरा कप पुढे करत. मग लोक त्यांना पाहून मागच्या दाराने शेतावर जाऊ लागले. एकाने वैतागून सांगितलं, बाबू, तुमची गाडीच बरी होती. काका त्याच्याकडे दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले.

शेवटी मामाच बधले. रत्नमालाच्या भावाचं लग्न त्यांनी माघात धरलं.

त्या सकाळी मी मागे बसले होते, काकू माझ्या शेजारी, करुणा पुढे काकांपाशी. चारी काचा खाली. जामसांवलीच्या फाट्यावर मारुतीच्या दर्शनाला पायी निघालेली माणसं शाली पांघरून चालली होती. त्याच्या पुढे बगीचे लागले आणि संत्र्याच्या फुलांचा वास गाडीत शिरला, इतका, की काकूंनी बोलणं थांबवलं. रत्नमालाच्या लग्नात अशाच बगीच्यांमधून आम्ही फेऱ्या घातल्या होत्या, बंद काचांनी. करुणाच्या अंगात काकांचा स्वेटर होता. ती खिडकीतून हात बाहेर काढून वारा धरत होती.

ऊन जरा वर आलं. काकांची नजर तिच्या चेहऱ्याकडे गेली आणि सवयीने त्यांचा हात समोरच्या बटणाकडे गेला. बटण तेवढं काढायचं राहिलं होतं, मागे काहीच नव्हतं.

करुणाने त्यांचा हात धरला. "राहू द्या, बाबा," ती म्हणाली. "आहे ना, इथंच."

काकांनी हात पुन्हा चाकावर ठेवला. सौंसरच्या अलीकडेच बँड ऐकू येऊ लागला, आणि त्यांनी गाडी रस्त्याच्या कडेला उभी केली, इंजिन बंद केलं, तिला नीट ऐकू यावं म्हणून.